पहिल्यांदा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना

ओव्हरक्लॉकिंग शिकायचं ठरवलंत की सगळ्यात आधी एक वही घ्या. बायोस (मदरबोर्डची सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) उघडण्याआधी, नवा कूलर मागवण्याआधी. प्रोसेसरचा वेग वाढवणं पाच मिनिटांचं काम आहे. वाढवलेला वेग टिकतोय का आणि त्यासाठी किती उष्णता सोसावी लागतेय, हे समजून घ्यायला मात्र दीड-दोन आठवडे लागतात. कोणता आकडा कधी बदलला हे लिहून ठेवलं नसेल तर तिसऱ्या दिवशी आठवत नाही. मग कॉम्प्युटर अडखळायला लागला की माणूस अंदाजाने आकडे फिरवत सुटतो, आणि व्होल्टेजच्या रकान्यात नको तो आकडा पडतो तो अशाच वेळी.

या लेखात मी उदाहरणासाठी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर आणि बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड घेतला आहे. मी स्वतः याच जोडीवर शिकलो. तुमचा प्रोसेसर दुसरा असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

वेग येतो कुठून

मदरबोर्ड प्रोसेसरला एक मूळ ठोका देतो, साधारण १०० मेगाहर्ट्झचा. प्रोसेसर त्याला मल्टिप्लायरने गुणतो. मल्टिप्लायर ४६ असेल तर वेग ४६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.६ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे या दोनपैकी एक आकडा वाढवणं. आजकाल मूळ ठोक्याला सहसा हात लावत नाहीत, कारण त्यावर इतर भागही अवलंबून असतात.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा गोष्ट वेगळी होती. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर पक्का होता आणि बस, म्हणजे तेव्हाचा मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झची. लोकांनी बस १०० वर नेली आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर थेट ४५० वर चालायला लागला. दीडपट वेग, तोही फुकट! तेव्हाच्या चिपमध्ये एवढी ताकद न वापरता पडून असायची. आजचे प्रोसेसर ती ताकद बूस्टच्या रूपाने स्वतःच वापरतात. ५६००एक्सचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ आहे, पण तापमान आणि वीज यांची मुभा असेल तर तो आपणहून ४.६ पर्यंत जातो. त्यामुळे आपल्यासाठी उरतात ते थोडेच टक्के. व्हिडिओ रेंडर करणं, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं अशा कामांत ते जाणवतात. गेममध्ये ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल, तर प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम वाढणार नाहीत. हे आधीच मान्य करून पुढे चला.

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.४ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालतंय आणि ४.७ साठी १.३० व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला सुमारे ७ टक्के. विजेचा हिशोब करा: ४.७ भागिले ४.४ म्हणजे १.०७, १.३० भागिले १.२० चा वर्ग म्हणजे १.१७, गुणाकार १.२५. सात टक्के वेगासाठी पंचवीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता होऊन कूलरवर येते. हा गुणाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नुसता वेग वाढवल्याने चिप सहसा जळत नाही, ती फक्त चुकते आणि कॉम्प्युटर बंद पडतो. कायमचं नुकसान करतात ते जास्तीचं व्होल्टेज आणि त्याबरोबर येणारी उष्णता.

हात लावण्याआधी

तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, ते आधी पाहा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेले प्रोसेसर त्यासाठी खुले असतात, आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा लागतो. आय५-१२४००एफसारख्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर बंद आहे, त्यावर वेळ घालवू नका. एएमडीचे बहुतेक रायझन खुले आहेत, पण मदरबोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. ए३२० आणि ए५२० वर हे जमत नाही. काही रायझन अपवाद आहेत. उदाहरणार्थ, ५८००एक्स३डी हा प्रोसेसर कंपनीने ओव्हरक्लॉकिंग बंद करूनच विकला. लॅपटॉपवर हा प्रयोग करूच नका. तिथे कूलर आधीच आपल्या मर्यादेवर चाललेला असतो.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पुढे मी ज्या पीबीओची (रायझनच्या वेगाच्या मर्यादा सैल करणारी बायोसमधली सोय) शिफारस करणार आहे, तोही यात आला. घरातला एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावर कुणाची परीक्षा किंवा कुणाचं पोटापाण्याचं काम चालत असेल, तर त्या घरातल्या माणसांना विचारूनच सुरुवात करा.

कूलरबद्दल माझं मत ठाम आहे. ५६००एक्सच्या खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगासाठी ठीक आहे, ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो. पाण्याच्या कूलरची गरज नाही. कूलर बदलायचा नसेल तर निदान जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा आणि कॅबिनेटमधली धूळ काढा. आपल्याकडे रस्त्यालगतच्या घरात तीन-चार महिन्यांत जाळीवर धुळीचा थर बसतो, आणि तेवढ्यानेही तापमान चढतं. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, चांगल्या कंपनीचा असावा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉक करू नका, कारण पुढे काही बिघडलं तर दोष कुणाचा हेच कळणार नाही.

वीज जात-येत असेल तर यूपीएस हवाच. बायोस अपडेट करताना तर नक्कीच. तेव्हा वीज गेली तर मदरबोर्ड उठत नाही.

शेवटची तयारी: महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. अस्थिर प्रोसेसर चुकीची गणितं करतो, आणि ती चूक तुमच्या फाइलमध्येही लिहिली जाऊ शकते. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत सीमॉस क्लिअर करायची, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ पदावर आणायची, जागा शोधून त्या पानाला खूण करा. ही पिन किंवा बटण कुठे आहे हे अंधारातही सापडलं पाहिजे.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो, सिनेबेंच आर२३ आणि प्राइम९५ हे तीन प्रोग्रॅम उतरवून घ्या. पहिला तापमान, व्होल्टेज आणि वेग दाखवतो, दुसरा वेग मोजून गुण देतो, तिसरा प्रोसेसरवर जड भार टाकून चुका पकडतो. तिन्ही फुकट मिळतात. पहिल्या दिवशी काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं.

खोलीचं तापमान लिहा. कॉम्प्युटर दहा मिनिटं नुसता चालू ठेवून प्रोसेसरचं तापमान लिहा. मग सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि चार आकडे लिहा: गुण, कमाल तापमान, सर्व कोअरवरचा वेग, आणि प्रोसेसरने घेतलेली वीज. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग; ५६००एक्समध्ये असे सहा आहेत. एकाच कोअरची सिनेबेंच चाचणीही करा. शेवटी प्राइम९५ अर्धा तास चालवा. मूळ सेटिंगवरच चूक आली किंवा कॉम्प्युटर बंद पडला, तर इथेच थांबा. रॅम, एसएमपीएस किंवा कूलरमध्ये काहीतरी आधीच बिघडलेलं आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत ओव्हरक्लॉकिंगचा विषय काढू नका.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये एक आकडा पाहून नवखी माणसं घाबरतात. कॉम्प्युटर जवळजवळ रिकामा असताना कोअर व्होल्टेज १.४५ च्या वर उड्या मारताना दिसतं. रायझन ५००० मध्ये हे ठीक आहे. एकच कोअर क्षणभर वरच्या वेगावर जातो, तेव्हा विद्युतप्रवाह कमी असतो आणि चिप स्वतःच्या हिशोबाने ते व्होल्टेज मागते. पण हाच आकडा ‘सुरक्षित’ समजून बायोसमध्ये सर्व कोअरसाठी पक्का टाकला, तर गोष्ट पूर्ण बदलते. तेव्हा सहाही कोअर पूर्ण भाराखाली, मोठ्या प्रवाहाखाली, तासन् तास तेच व्होल्टेज सोसतात. नवशिक्याच्या हातून होऊ शकणारी सगळ्यात महाग चूक ही आहे.

दोन वाटा, आणि मी कोणती धरायला सांगेन

पहिली वाट जुनी आहे: सर्व कोअरचा मल्टिप्लायर आणि व्होल्टेज हाताने पक्कं करणं. समजायला सोपी, पण ५६००एक्सवर तिचा तोटा आहे. समजा तुम्ही सर्व कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर पक्के केले. रेंडरिंग थोडं वाढेल, पण एका कोअरच्या कामात प्रोसेसर आधी ४.६ ला जात होता, तो आता ४.५ लाच अडकला. म्हणजे ब्राउझर, ऑफिसची कामं आणि बरेचसे गेम आधीपेक्षा हळू. एवढं करून हे?

म्हणून नवशिक्याने दुसरी वाट धरावी: पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर. पीबीओ म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह. यात प्रोसेसरची स्वतःची अक्कल शाबूत राहते. तापमान वाढलं की तो आपणहून मागे येतो. आपण फक्त त्याच्या मर्यादा थोड्या सैल करतो.

बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर पीबीओ सापडेल. तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर ठेवा. तिथे तीन मर्यादा दिसतात. पीपीटी म्हणजे सॉकेटमधून मिळणारी एकूण वीज, टीडीसी म्हणजे सतत मिळणारा प्रवाह, ईडीसी म्हणजे क्षणिक प्रवाह. ५६००एक्सच्या मूळ मर्यादा अनुक्रमे ७६ वॅट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर आहेत. सुरुवातीला १००, ७० आणि १०० ठेवा. याच सॉकेटवरच्या मोठ्या रायझनला मुळातच १४२ वॅटची मुभा असते, त्यामुळे बऱ्या बी५५० बोर्डाला हा भार जड नाही. मर्यादा ‘मदरबोर्ड’वर सोडून देण्याचा पर्यायही तिथे असतो. तो घेऊ नका. बोर्ड मग एवढे मोठे आकडे लावतो की मर्यादा उरतच नाही.

त्याच पानावर तापमानाची मर्यादा असते. ५६००एक्सची कमाल ९५ अंश आहे. तुम्ही ८५ लिहा. शिकताना दहा अंश हाताशी असू द्यावेत.

सेव्ह करा, विंडोज उघडा, सिनेबेंच पुन्हा चालवा, वहीत नवी ओळ लिहा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच मोजमाप. एका संध्याकाळी एवढंच पुरे.

व्होल्टेज कमी करून वेग वाढवणं

दुसऱ्या दिवशी कर्व्ह ऑप्टिमायझर. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

कारखान्यात प्रत्येक प्रोसेसरला अमुक वेगाला अमुक व्होल्टेज असा एक तक्ता दिलेला असतो, आणि सगळ्या चिप चालाव्यात म्हणून त्यात थोडं जास्तीचं व्होल्टेज ठेवलेलं असतं. तुमची चिप चांगली निघाली असेल तर तिला एवढ्याची गरज नसते. कर्व्ह ऑप्टिमायझर हे जास्तीचं व्होल्टेज काढून घेतो. उणे १ म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी, आणि उणे ३० पर्यंत जाता येतं. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे प्रोसेसर आपणहून आणखी वर बूस्ट करतो. मघाचा वर्गाचा हिशोब आता उलट्या बाजूने तुमच्या कामी येतो.

बायोस फार जुना असेल तर हा पर्याय दिसणार नाही. आधी अपडेट करा. मग सर्व कोअरना उणे १० द्या. चाचण्या पार पडल्या तर उणे १५. त्यापुढे कोअर एकेक करून हाताळा, कारण सहाही कोअर सारखे नसतात. एचडब्ल्यूइन्फो कोणता कोअर पहिल्या क्रमांकाचा, कोणता दुसऱ्या, हे दाखवतो. नवखा माणूस समजतो की सर्वांत चांगला कोअर सर्वांत जास्त कपात सोसेल. होतं उलट. त्या कोअरला आधीच कमी व्होल्टेजवर जास्त वेग दिलेला असतो, म्हणून तो लवकर अडखळतो. चांगल्या दोन कोअरना उणे ५ किंवा १० वर ठेवून बाकीच्यांना पुढे न्या.

बूस्टची कमाल २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायचाही एक रकाना आहे. तो अगदी शेवटी, ५० च्या पावलांनी.

चाचणी: इथे घाई करू नका

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी सर्व कोअर उणे २० वर नेले. सिनेबेंच तासभर चाललं, प्राइम९५ सुद्धा. मी खूश. तीन दिवसांनी एक पीडीएफ वाचत होतो, दुसरं काहीच चालू नव्हतं, आणि कॉम्प्युटर एकदम रिस्टार्ट झाला. मला वाटलं वीज हलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आधी यूपीएसवर, मग एसएमपीएसवर संशय घेतला आणि दोन दिवस वाया घालवले. शेवटी विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (चुकांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडला तर तिथे डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद, क्रमांक १८, दोन्ही वेळा, आणि दोन्ही नोंदींत प्रोसेसरचा एपीआयसी क्रमांक, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक, ४. या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन रांगा) असतात, म्हणून ४ भागिले २, म्हणजे शून्यापासून मोजलं तर कोअर क्रमांक २. तो एकटा उणे १० वर आणला आणि रिस्टार्ट थांबले.

असं का होतं? सगळे कोअर भाराखाली असताना वेग थोडा खाली असतो, त्यामुळे कमी व्होल्टेज खपून जातं. कॉम्प्युटर रिकामा असताना एखादा कोअर क्षणभर सर्वांत वरच्या वेगावर उडी घेतो आणि नेमका तिथे तक्ता तोकडा पडतो. म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझरची कसोटी भाराइतकीच विश्रांतीतही लागते, आणि ती विश्रांतीची कसोटी सिनेबेंच घेत नाही.

यासाठी कोअरसायकलर नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतो आणि बाकीचे मोकळे ठेवतो. रात्री झोपताना लावा, सकाळी पाहा. कोणत्या कोअरवर चूक आली तेही तो सांगतो. त्या कोअरचा आकडा पाचाने मागे घ्या आणि पुढची रात्र पुन्हा. दोन रात्री स्वच्छ गेल्या की आठवडाभर नेहमीची कामं करा. दिवसातून काही वेळा कॉम्प्युटर स्लीपमध्ये टाका आणि उठवा. रोज एकदा इव्हेंट व्ह्यूअर बघा. एकही डब्ल्यूएचईए नोंद नसेल, तरच वहीत त्या ओळीसमोर ‘स्थिर’ लिहा.

प्राइम९५ मध्ये एखादा थ्रेड राउंडिंगची चूक दाखवून थांबला आणि कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला, तरीही ती चाचणी नापासच. ‘चालतंय की’ असं म्हणून पुढे जाऊ नका. तो प्रोसेसर दोन अधिक दोन पाच सांगतोय.

के मालिकेवाल्यांसाठी थोडक्यात

इंटेलच्या खुल्या प्रोसेसरवर मल्टिप्लायर एकेकाने वाढवा. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका, बोर्ड सुरक्षिततेच्या नावाखाली गरजेपेक्षा बरंच जास्त देतात. आधी आहे त्या व्होल्टेजवर किती वेग मिळतो ते पाहा, मग ०.०२ व्होल्टच्या पावलांनी वाढवा, आणि तापमान ८५ ला पोचलं की थांबा. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर काहीही करण्याआधी बायोस अपडेट करा. त्या प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर नवा मायक्रोकोड (बायोसबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तिथे ओव्हरक्लॉक न केलेले प्रोसेसरही खराब झाले होते.

एएमडीकडेही २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या कोअरबाहेरच्या भागांना, जसं की रॅम सांभाळणाऱ्या भागाला, मिळणारं व्होल्टेज) आपोआप फार वर नेत होते. नंतर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसी व्होल्टेज मी तेव्हापासून न चुकता पाहतो. आणि रॅमचा ओव्हरक्लॉक प्रोसेसरबरोबर एकाच आठवड्यात करू नका. तो वेगळा विषय आहे, आणि त्याची चाचणी मेमटेस्ट८६ ने वेगळी घ्यावी लागते.

स्क्रीन काळीच राहिली तर

घाबरू नका. बहुतेक बोर्ड दोन-तीन वेळा प्रयत्न करून स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. दोन मिनिटं वाट पाहा. नाहीच आलं तर एसएमपीएसचा स्विच बंद करून मेन वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि सीमॉस क्लिअरच्या दोन पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. पिन सापडत नसतील तर बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ पदावर येतो. मग वही उघडून ‘स्थिर’ लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर परत जा.

जानेवारीत स्थिर झालेलं सेटिंग मे महिन्यात स्थिर राहीलच असं नाही. नागपूर-अकोल्याकडे दुपारी खोलीच ४० अंशांवर असते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर तेव्हा त्याच भाराला ८५ च्या आसपास जातो. म्हणून एप्रिल संपता संपता एक दिवस दुपारी तीन वाजता, एसी बंद ठेवून, सिनेबेंच आणि कोअरसायकलर पुन्हा लावा. तापमान ८५ ला टेकत असेल तर पीपीटी शंभरवरून मूळ ७६ वर आणा, कर्व्ह आहे तसाच ठेवा, आणि खोलीच्या तापमानासकट नवी ओळ लिहा. पावसाळा लागला की वही पाहून परत शंभर.